शिक्क्यात मावेल तेवढेच

सीमाभागातल्या कुठल्याही मराठी मंडळाचे वा पतसंस्थेचे पावतीपुस्तक उघडून पाहावे. बोधचिन्हात उगवता सूर्य, सूर्याखाली किल्ला, किल्ल्यापुढे उघडे पुस्तक, पुस्तकावर मशाल, दोन्ही बाजूंना भाताच्या लोंब्या आणि भोवती गोलात संस्कृत वचन. यातले एकही चित्र वाईट नाही. पण रबरी शिक्का मारला की सगळ्यांचा मिळून शाईचा एक डाग उमटतो.

असले चिन्ह चित्रकार काढतच नाही, कार्यकारिणीची बैठक काढते. एका संचालकाला किल्ला हवा, दुसऱ्याला पुस्तक; कोणाचे मन मोडायचे नाही म्हणून सगळेच घ्यायचे. (चित्रकाराचे बिल मात्र थकवायचे.)

यावर ठरलेले उत्तर मिळते: "चिन्हात आपली संस्कृती दिसायला नको का?" स्टेट बँकेसाठी शेखर कामत यांनी १९७१ साली काय काढले? एक निळे वर्तुळ, मध्ये छोटे पांढरे छिद्र, त्यातून खाली उतरणारी फट. ना लक्ष्मी, ना मोहरांची रास. कोणाला त्यात कुलपाचे भोक दिसते, कोणाला नाणे. फलकावरचे नाव कन्नडात असो की इंग्रजीत, खानापूरची निरक्षर आजीसुद्धा पेन्शनीच्या दिवशी चुकून दुसऱ्या दारात शिरत नाही.

त्याही आधी, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, देशात शंभरात जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी आणि तिच्यावर चिन्ह: बैलजोडी, झोपडी, पणती. पणतीशेजारी वीणा आणि कमळ काढावे असे तेव्हा कोणाला सुचले नाही, हे नशीबच म्हणायचे.

हे इतरांपेक्षा आपल्याला लवकर कळायला हवे. २०२४ च्या कायद्याने कर्नाटकात व्यापारी संस्थांच्या फलकांवर साठ टक्के कन्नड आवश्यक केले. त्या कायद्याशी भांडायचे तर जरूर भांडू. पण तोवर उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी नाव आणि चिन्ह बसवायचे आहे. तिथे बुरुजांसकट किल्ला कोंबला तर अक्षरे जाणार कुठे? शिवाय आपली नातवंडे इंग्रजी नाहीतर कानडी शाळेत शिकतात, आजोबांनी काढलेल्या वाचनालयाची पाटी अक्षर लावत वाचतात. त्यांना नाव वाचण्याआधी ओळखू यावे असे काही तरी पाटीवर हवे.

यंदाच्या वार्षिक सभेत नव्या चिन्हाचा ठराव आला, तर दुसरीतले एखादे मूल बोलवा. चिन्ह एकदा दाखवून झाका आणि त्याला खडूने फळ्यावर काढायला सांगा. ते मशालीपाशीच अडले, तर ठराव परत पाठवा.