ठिगळांचे अर्थकारण

ठिगळ हा शब्द मराठीत बहुधा हिणवण्यासाठीच वापरला जातो. एखादी सरकारी योजना फसली, एखादा कायदा अपुरा ठरला, की ‘ही केवळ ठिगळे लावण्याची तऱ्हा आहे’ असा शेरा मारून टीकाकार मोकळे होतात. वास्तविक ज्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या ठिगळांच्याच आधाराने संसार रेटले, त्या समाजाने या शब्दाची इतकी अवहेलना करावी, हे थोडे नवलाचे आहे. जुन्या लुगड्याधोतरांची गोधडी, गळक्या भांड्याला दिलेला डाग, सायकलच्या ट्यूबवर सोल्युशन लावून चिकटवलेला रबराचा तुकडा, पावसाळ्यापूर्वी फुटक्या कौलाखाली सरकवलेला पत्रा, थोरल्या भावाच्या विजारीला गुडघ्यावर कापड लावून धाकट्यासाठी केलेली सोय, ही सारी ठिगळेच होत. त्यांत दारिद्र्य होते, हे खरे. पण त्यांत हिशेबही होता. सार्वजनिक जीवनातील ठिगळांत नेमका तो हिशेबच आढळत नाही, ही खरी तक्रार असावयास हवी.

घरगुती ठिगळाचे काही नियम असतात. ठिगळ भोकापेक्षा मोठे असावे लागते, कारण त्याची शिवण फाटक्या कडेवर नव्हे, तर भोवतालच्या धड कापडावर बसवायची असते. जीर्ण वस्त्राला करकरीत नवे कापड लावून चालत नाही. पहिल्याच धुण्यात ते आटते आणि भोवतालचे जुने सूत ओढून नवे भोक पाडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वस्त्र टाके धरीनासे झाले, की ठिगळ लावणे थांबवावे लागते. मग त्या वस्त्राची रवानगी गोधडीत होते आणि अखेरीस पोतेऱ्यात. केव्हा शिवावे आणि केव्हा शिवणे सोडावे, हा निर्णय घरातील बाई रोज घेत असे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत तो दुरुस्तीचा खर्च आणि वस्तूचे उरलेले आयुष्य यांच्या तुलनेचा निर्णय होता. तिच्या या श्रमाची राष्ट्रीय उत्पन्नात नोंद मात्र कधी झाली नाही. नवे कापड विकत घेतले तर उत्पन्न वाढल्याचे दिसते. जुने शिवून वर्षभर चालवले तर काहीच घडले नाही असे मानले जाते.

वस्तू महाग आणि श्रम स्वस्त होते, तोवर दुरुस्ती परवडत असे. आता अनेक वस्तूंच्या बाबतीत हे प्रमाण उलटले आहे. काही उत्पादकांनी तर दुरुस्तीची वाटच बंद केली आहे. सुटे भाग मिळत नाहीत, मोबाइलची बॅटरी ग्राहकाला काढता येत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’विषयी समिती नेमली, ती याच कारणाने. एकेकाळी जी गोष्ट गरिबीची खूण मानली जात होती, तिचा आज हक्क म्हणून विचार करावा लागतो आहे.

घरातून रस्त्यावर आले, की ठिगळाचे वेगळेच रूप दिसते. डांबरी रस्त्यातील खड्डा बुजवण्याचे शास्त्र शिवणकामाहून फारसे निराळे नाही. खड्ड्याच्या कडा धड भागापर्यंत चौकोनी कापाव्यात, आतील माती व पाणी काढावे, तळाला व कडांना डांबराचा हात द्यावा, थराथराने खडी भरून दाबावी आणि पाणी मुरू नये म्हणून वरून बंदिस्त करावे, असा हा क्रम आहे. प्रत्यक्षात पाणी साचलेल्या खड्ड्यात खडीचे घमेले ओतले जाते आणि पुढच्या सरीत ते वाहून जाते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. वाईट ठिगळाची किंमत पैशांत मोजण्याची वेळ न्यायालयावर यावी, यातच सारे आले.

हा केवळ कंत्राटदाराच्या लबाडीचा प्रश्न नाही. त्यामागे हिशेब लिहिण्याची एक जुनी सवय आहे. नियोजनाच्या काळात सरकारी खर्चाची ‘योजनांतर्गत’ आणि ‘योजनेतर’ अशी विभागणी होत असे. नवे धरण, नवा रस्ता, नवी शाळा योजनांतर्गत खर्चात येई आणि तो विकासाचा खर्च म्हणून मिरवला जाई. तेच धरण, तोच रस्ता, तीच शाळा उभी राहिल्यावर तिची देखभाल योजनेतर खर्चात जाई आणि ‘अनुत्पादक’ म्हणून काटकसरीची पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडे. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली ही विभागणी रद्द करण्याची शिफारस केली आणि केंद्रीय अर्थसंकल्पातून ती २०१७-१८ पासून गेली. परंतु मनातील विभागणी अद्याप गेलेली नाही. आजही देखभाल हा सामान्यतः महसुली खर्च आणि नवे बांधकाम हा भांडवली खर्च. पहिला कमी केला तर शाबासकी, दुसरा वाढवला तर उद्घाटनाची फीत. गटार वेळेवर साफ केल्याची कोनशिला कोणी बसवत नाही. परिणामी वेळच्या वेळी एक टाका घातला जात नाही आणि पुढे ठिगळांवर ठिगळे लावण्याची पाळी येते.

शेतीच्या क्षेत्रात कर्जमाफीची गोष्ट अशीच आहे. २००८ साली केंद्राने, २०१७ साली महाराष्ट्राने दीड लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंत आणि पुन्हा २०१९ साली दोन लाखांच्या मर्यादेपर्यंत कर्जमाफी जाहीर केली. बुडत्या शेतकऱ्याला या मदतीची गरज नव्हती, असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. प्रश्न भोवतालच्या कापडाचा आहे. पाणी, भाव, साठवण आणि पीकविमा या चारही बाजू विरलेल्या असताना मधोमध कितीही मोठे ठिगळ लावले, तरी त्याची शिवण बसणार कोठे? शिवाय ठिगळ कोणत्या मापाने कापले, यालाही महत्त्व आहे. २००८ च्या योजनेत संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा होती. बागायती दोन हेक्टर आणि विदर्भातील कोरडवाहू दोन हेक्टर यांना एकच माप लावल्याने, जमीन अधिक पण उत्पन्न तुटपुंजे असलेला कोरडवाहू शेतकरी बऱ्याच अंशी पूर्ण माफीबाहेर राहिला.

कायद्यांनाही ठिगळे लागतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची कलमे दर वर्षी विवरणपत्र भरणाऱ्या शिक्षकांना व कारकुनांना तोंडपाठ असतील. ८० सी, ८० सीसीडी, ८० डी, ८० टीटीए, ८० टीटीबी ही अक्षरांची शेपटे म्हणजे वेळोवेळी लावलेली ठिगळेच होती. साठ वर्षांहून अधिक काळ हे शिवणकाम चालले. अखेर २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा संमत झाला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली आणि ८१९ कलमांच्या जागी ५३६ कलमे आली. नव्या वस्त्राचे गुणदोष कालांतराने कळतीलच. पण कोठेतरी शिवणे थांबवून नवे कापड बेतावे लागते, हे येथे मान्य झाले, एवढे तरी खरे.

तथापि ज्या ठिगळाबद्दल समाजाने खरोखर अस्वस्थ व्हावे, ते कापडाचे नाही, खडीचे नाही आणि कलमांचेही नाही. ते माणसांचे आहे. महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना आली. तिजोरीवरील ताण हलका करण्यासाठी नव्या शिक्षकाने तीन वर्षे मानधनावर काम करावे, असा तिचा आशय होता. २०२३ साली हे मानधन वाढवून प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरांवर अनुक्रमे १६, १८ व २० हजार रुपये करण्यात आले. वाढ स्वागतार्हच, पण तिचा दुसरा अर्थ असा, की अडचणीच्या काळातील सोय तेवीस वर्षांनंतरही चालूच होती. सेवकाला मुदत होती, योजनेला नव्हती. महाविद्यालयांत तर तासिका तत्त्वावरील अध्यापकाला व्यक्तिशःही मुदत नाही. तास घेतला तर पैसे, सुटी लागली तर नाही. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. रिक्त पदाच्या भोकावर त्याला लावले जाते आणि भोक झाकले गेले, म्हणून पद भरण्याची निकड संपते. ठिगळ जितके चांगले काम करते, तितकी त्याची सुटका लांबते. पदव्युत्तर शिक्षण घेतलेला तरुण ऐन उमेदीची दहा वर्षे अशी घालवतो, तेव्हा वाचलेल्या वेतनाचा आकडा अर्थसंकल्पात दिसतो. त्याचे लांबलेले लग्न, न मिळालेले गृहकर्ज आणि अर्धवट राहिलेले संशोधन कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

यावर असे म्हटले जाईल, की साधने अपुरी आहेत. आभाळच फाटले, तर ठिगळ लावणार कोठे कोठे? हा युक्तिवाद पुष्कळदा सोयीचा असतो. आभाळ एका दिवसात फाटत नाही. आणि साधने अपुरी असणे हे तर ठिगळ अधिक विचारपूर्वक लावण्याचे कारण आहे. म्हणून प्रत्येक तात्पुरत्या व्यवस्थेला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. भोवतालचे कापड टाके धरील काय? ठिगळ काढून मूळ काम करण्याची तारीख ठरली आहे काय? आणि या ठिगळाचा खर्च, तो सोसणाऱ्याच्या संमतीविना, दुसऱ्या कोणाच्या आयुष्यातून तर कापून घेतला जात नाही ना?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अभियंते आणि वित्त विभाग देऊ शकतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र लोकांनी मागितल्याखेरीज मिळणार नाही. कापडाच्या ठिगळाला सुई टोचल्याची जाणीव नसते, माणसाला असते.