सकाळचा पहिला धूर

गाडी सुरू होताच सायलेन्सरातून धुराचा लोट निघाला, की मालकाच्या मनात पहिला आकडा येतो तो इंजिनकामाचा. गॅरेजवालाही पुष्कळदा तोच आकडा सांगून मोकळा होतो. वास्तविक इंजिन उघडण्याचा निर्णय तपासणीच्या अखेरीस घ्यावयाचा असतो, आरंभी नव्हे. आणि त्या तपासणीतील बराचसा भाग घरच्या दारातच, एक पैसाही न खर्चता उरकता येतो. धुराचा रंग कोणता, तो किती वेळ टिकला आणि त्यापूर्वी गाडी किती तास उभी होती, एवढे आठवडाभर वहीत टिपून ठेवले, तरी निदान अर्ध्यावर येते.

हिवाळ्यात नाशिक-पुण्याकडे पहाटे पेट्रोल गाडीमागे दिसणारा विरळ पांढरा धूर बहुधा धूर नसतोच. एक लिटर पेट्रोल जळाले, की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंड हवेत ती वाफ दिसते. सायलेन्सर तापला, की काही मिनिटांत दिसेनाशी होते. घर ते दुकान एवढीच ज्या गाडीची रोजची फेरी, तिचा सायलेन्सर मात्र पुरता तापतच नाही. त्यात पाणी साचून तो आतून गंजतो. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग मोकळ्या रस्त्यावर न्यावी.

पांढरा धूर दाट असेल, इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर प्रकरण गंभीर आहे. हेड गॅस्केट फुटून कुलंट इंजिनात जळत असण्याची दाट शक्यता असते. थंड इंजिनावर कुलंटच्या टाकीवर खूण करावी. खाली एकही थेंब न सांडता पातळी उतरत असेल, किंवा पट्टीवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर गाडी चालवत नेण्याचा मोह टाळून ती ओढूनच न्यावी. (ऑइलच्या झाकणाखाली थोडासा दुधाळ थर केवळ छोट्या फेऱ्यांमुळेही जमतो, तेवढ्यावरून घाबरू नये.) तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

अकारण पैसा सर्वाधिक जातो तो निळसर धुरापायी. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे, इतके सर्वांना ठाऊक असते. ते कोणत्या वाटेने आत शिरते, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसवलेली छोटी रबरी सीले वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात. गाडी रात्रभर उभी राहिली, की हेडमधील ऑइल त्यांच्या कडेने थेंबाथेंबाने खाली उतरते आणि सकाळी इंजिन सुरू होताच जळून जाते. म्हणून धूर क्षणभर दिसतो आणि पुढे दिवसभर गाडी स्वच्छ चालते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर तो चढावर, वेग घेताना, भरलेल्या गाडीत येतच राहतो. घाट उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटर सोडावा आणि तळाशी पोचल्यावर पुन्हा दाबावा; त्याच वेळी मागे निळा लोट उठला, तर संशय सीलांवर अधिक जातो.

गॅरेजमध्ये पक्की खात्री कॉम्प्रेशन चाचणीने होते. ज्या सिलेंडरचा दाब कमी भरतो त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. दाब सर्वत्र ठीक असून धूर फक्त सकाळीच येत असेल, तर सीले बदलून भागते, आणि अनेक इंजिनांत हेड न उतरवता, आत हवेचा दाब देऊन हे काम होते. सीले स्वस्त असतात, खर्च मजुरीचा. त्याआधी दोन साध्या गोष्टी पाहाव्यात: ऑइल वरच्या खुणेच्या वर तर भरलेले नाही ना, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलेला नाही ना. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोही तपासावा. ऑइल फारच थोडे जळते म्हणून दुर्लक्ष करणेही परवडत नाही, कारण ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करते, आणि त्यात प्लॅटिनम-पॅलेडियमसारखे धातू असतात.

डिझेल गाडीचे गणित थोडे निराळे. थंडीत सुरू करताना पांढरा-करडा, डोळ्यांना झोंबणारा धूर आला आणि इंजिन अडखळले, तर एखादा हीटर प्लग गेलेला असू शकतो. साध्या मल्टिमीटरने तो ओळखता येतो. काळा धूर म्हणजे हवा कमी, इंधन जास्त. तेथे सुरुवात एअर फिल्टरपासून करावी.

धूर येत नाही हे दाखवण्यासाठी पीयूसीचे प्रमाणपत्र पुढे करण्याची पद्धत आहे. ती चाचणी तापलेल्या इंजिनावर होते, त्यामुळे सकाळच्या निळ्या धुराचा त्यात पत्ताही लागत नाही. धूर पाहण्यासाठी गाडी बंद गॅरेजात चालू ठेवणे तर जिवावर बेतणारे; कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

जुनी गाडी विकणारा गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवतो ते उगाच नव्हे. बॉनेटवर हात ठेवून ते कोमट लागले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, न कळवता जावे. एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने सायलेन्सरमागे उभे राहावे.