वृद्ध वडिलांचा आयुर्विमा आणि विडी

आमच्या मंडळाच्या सभासदांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानीं येतो. वडील साठीच्या घरांत आले, विडी सुटत नाहीं, जमीन व सोसायटीचें कर्ज दोन्ही त्यांच्याच नांवें. तेव्हां त्यांचा आयुर्विमा कोठें व कसा उतरवावा? विचारणारे बहुधा कर्ते मुलगे असतात आणि त्यांची काळजी खरी असते. परंतु या कामीं जो मार्ग गांवोगांवीं सर्रास पत्करला जातो, तो आम्हांस घातक वाटतो. म्हणून चार शब्द लिहिणें प्राप्त झालें आहे.

तो मार्ग असा. एजंट ओसरीवर बसून अर्ज भरतो. ‘तंबाखूचें सेवन करतां काय?’ या प्रश्नापुढें तो आपणच ‘नाहीं’ असें लिहितो, आणि वडील सही किंवा आंगठा करून मोकळे होतात. कधीं वडील प्रामाणिकपणेंच ‘नाहीं’ म्हणतात. सिगारेट ओढणें हें त्यांच्या लेखीं व्यसन. दिवसाकांठीं विडीचें एक बंडल हें व्यसन नव्हे, आणि सकाळची मिश्री किंवा दाढेखालचा बार हें तर मुळींच नव्हे. विमा कंपन्यांचा अर्थ निराळा आहे. विडी, चिलीम, चघळण्याची तंबाखू, मिश्री, गुटखा (तो महाराष्ट्रांत २०१२ सालापासून बंद आहे, असें म्हणावयाचें!) यांपैकीं कांहींही असलें तरी तो मनुष्य तंबाखू घेणारा. निकोटीनपासून शरीरांत कोटिनीन नांवाचें द्रव्य उत्पन्न होतें, तें लघवीच्या तपासणींत सांपडतें. आणि तें विडीचें कीं मिश्रीचें, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

तपासणी न होतां पॉलिसी मिळाली तरी लपविलेली गोष्ट पचली असें होत नाहीं. १९३८ च्या विमा कायद्याचें ४५ वें कलम २०१५ सालीं बदललें. त्याप्रमाणें पहिल्या तीन वर्षांच्या आंत, कपट केलें किंवा महत्त्वाची माहिती दडविली या कारणावरून कंपनीस पॉलिसी रद्द करतां येते. तीन वर्षें उलटल्यावर कोणत्याही कारणानें तिजवर आक्षेप घेतां येत नाहीं. हुशार एजंट या शेवटल्या वाक्याचा आधार देऊन सांगतो, ‘तीन वर्षें निभावून न्या, मग कोण विचारतो?’ तो दोन गोष्टी सांगत नाहीं. एखाद्या दुष्काळी वर्षीं हप्ता थकून पॉलिसी बंद पडली व मागाहून ती पुन्हा चालू करून घेतली, तर तीन वर्षें त्या तारखेपासून नव्यानें मोजलीं जातात. आणि ज्याचा पैसा पावसावर अवलंबून, त्याचा हप्ता कधींच थकणार नाहीं असें कोण म्हणेल? दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. कंपनीनें कपटाचा आरोप केला आणि विमा उतरविणारा हयात नसला, तर कपट नव्हतें हें शाबीत करण्याचा भार कायद्यानें रकमेच्या हक्कदारांवर टाकला आहे. म्हणजे नवऱ्याच्या विडीविषयीं म्हातारीनें पुरावा आणावयाचा! इस्पितळाच्या पहिल्याच कागदावर डॉक्टर ‘वीस वर्षांपासून विडी’ असें टिपून ठेवतात, आणि ती माहिती पुष्कळदां मुलानेंच दिलेली असते. कपट न ठरतां केवळ चुकीची माहिती ठरली तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत मिळतात. विम्याची रक्कम मिळत नाहीं.

खरें लिहिलें तर हप्ता पुष्कळ वाढतो, ही लूट आहे, अशी तक्रार आम्हीं ऐकली आहे. इंग्रजी अमदानींत विलायती कंपन्या हिंदी माणसाच्या आयुष्यास जादा दर लावीत. १८७० सालीं मुंबईंत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल संस्थेनें हिंदी लोकांचे विमे नेहमींच्या दरानें उतरविण्यास प्रारंभ केला. तो जादा दर कातडीच्या रंगावर होता, म्हणून तो अन्याय. विडीवरचा जादा दर हिशेबाचा आहे. ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच आयुष्यांची १९५१ पासून पन्नास वर्षें पाहणी झाली. तिच्या २००४ सालच्या अहवालाप्रमाणें सिगारेट न सोडणारे पुरुष डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षां सरासरी दहा वर्षें आधीं वारले. निपाणीकडील आमचे तंबाखू पिकविणारे बंधू यावर रागावतील. त्यांच्या मालाच्या भावाविषयीं आम्ही त्यांच्याच बाजूचे आहों, पण आंकडे बदलतां येत नाहींत. शिवाय २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षें एका रुपयांत पीकविमा मिळाल्यामुळें विमा ही जवळजवळ फुकटची वस्तु आहे अशी आमच्या लोकांची समजूत झाली, तीही मोडावयास वेळ लागेल.

आतां मुळाचा प्रश्न: हा विमा कशासाठीं? आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. खातेदार वारल्यावर वारसाची वर्दी देण्यास आलेलीं कुटुंबें आम्हीं शेंकड्यांनीं पाहिलीं. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें ही वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते. फेरफार होतो, सातबाऱ्यावर विधवा, मुलगे व मुली यांचीं नांवें चढतात; परंतु ‘इतर हक्क’ या सदरांतील सोसायटीचा बोजा तेथेंच राहतो. खातेदार गेला म्हणून बोजा उतरलेला आम्हीं पाहिला नाहीं. वारसांची जबाबदारी मयताच्या मिळकतीपुरतीच असते हें खरें, पण ती मिळकत म्हणजेच जमीन. मग सुटका कोठें?

म्हणून वडिलांच्या नांवें जेवढें कर्ज असेल तेवढ्याच रकमेचा, व तें फिटेल तेवढ्याच मुदतीचा शुद्ध विमा मागण्यांत अर्थ आहे. तेराव्याच्या जेवणावळीसाठीं, किंवा ‘पैसे दुप्पट होतात’ एवढ्यासाठीं साठीनंतर विमा उतरविणें आम्हांस मान्य नाहीं. तो पैसा टपालांत किंवा बँकेंत ठेवलेला बरा. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. म्हाताऱ्या वडिलांच्या जाण्यानें घर दुःखी होतें, पण चूल बंद पडत नाहीं; कर्त्या मुलाच्या जाण्यानें ती बंद पडते. वडिलांचा विमा शोधणारे कितीक मुलगे स्वतः बिनविम्याचे असतात! प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेंत अठरा ते पन्नास वर्षांच्या माणसास वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा विमा पंचावन्नाव्या वर्षापर्यंत मिळतो. तो आधीं मुलानें व सुनेनें घ्यावा.

साठीच्या पुढच्या वडिलांस ती योजना बंद, आणि टपालखात्याचा ग्रामीण आयुर्विमाही पंचावन्न वर्षांपुढें मिळत नाहीं. वर्षाला वीस रुपयांची सुरक्षा योजना सत्तरीपर्यंत आहे, आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाचें शेतकरी अपघात अनुदान पंचाहत्तरीपर्यंत. परंतु दोन्ही अपघातापुरतीं, आणि विडीचा खोकला हा अपघात नव्हे. राहतात त्या आयुर्विमा महामंडळाच्या व खासगी कंपन्यांच्या मुदतीच्या पॉलिसी. विमा नियामकानें १ जानेवारी २०२१ पासून ‘सरल जीवन विमा’ नांवाचा एक सर्वत्र सारखा नमुना आंखून दिला. त्यांत प्रवेशाची मर्यादा पासष्ट वर्षें, मुदत सत्तरीपर्यंत, रक्कम पांच ते पंचवीस लाख, आणि पहिले पंचेचाळीस दिवस केवळ अपघाती मृत्यूची जोखीम, अशा अटी आहेत. त्या धर्तीची पॉलिसी दोन-तीन ठिकाणीं विचारावी. एका कंपनीनें नाकारलें तरी दुसरी जादा दरानें घेण्याचा संभव असतो. मात्र पूर्वीं नाकारलें होतें काय, हें पुढच्या अर्जांत विचारतात, तेंही दडवूं नये.

दर विचारतांना तंबाखू घेणाऱ्याचा व न घेणाऱ्याचा असे दोन्ही आंकडे लिहून घ्यावे, आणि वडिलांस शांतपणें वाचून दाखवावे. बहुतेक अर्जांत गेल्या बारा महिन्यांचा, कांहींत त्याहून मागचा प्रश्न असतो. तेव्हां वर्ष-दोन वर्षें तंबाखू खरोखर सुटली तर दुसरा आंकडा मागतां येतो. वर सांगितलेल्या पाहणींत साठीला सिगारेट सोडणाऱ्यांसही सुमारें तीन वर्षांचें आयुष्य लाभल्याचें दिसलें. मुलाच्या उपदेशानें न सुटलेली विडी पैशाच्या आंकड्यानें सुटेलच असें आम्ही म्हणत नाहीं, पण म्हाताऱ्या शेतकऱ्यास हिशेब समजतो.

अर्ज वडिलांच्या समक्ष, प्रत्येक प्रश्न त्यांस मराठींत वाचून दाखवून, त्यांच्याच उत्तरांनीं भरावा. कोऱ्या अर्जावर आंगठा घेऊं देऊं नये. पॉलिसी हातीं येतांच तिच्यासोबतची अर्जाची नक्कल काढून तंबाखूचा रकाना पाहावा. तेथें ‘नाहीं’ आढळल्यास कंपनीस लेखी कळवून दुरुस्ती मागावी, व कळविल्याची पोंच सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारीं ठेवावी. अटी पटल्या नाहींत तर पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आंत ती परत करतां येते. जोखमीच्या दिवसांचा आकार, तपासणीचा खर्च व मुद्रांक वजा जातां बाकीचा हप्ता परत मिळतो.