खोली भाड्याने, रस्ता फुकट?

'दोन दिवसांची खोली, तिच्यापायी पार्किंगचा नियम कशाला?' हे म्हणणं नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे सारखंच. नांदेडात हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या यात्रेकरूंना खोल्या देणारे असं म्हणतात, लातुरात नीटच्या क्लासला पोरं सोडायला आलेल्या पालकांना रोजाच्या भाड्याने फ्लॅट देणारे.

पूर्वपक्षाला आधी न्याय देऊ. पुष्कळ यात्रेकरू सचखंड एक्स्प्रेससारख्या गाडीने थेट अमृतसरहून येतात. त्यांच्यासाठी वाहनतळ राखून काय करायचं? हे खरं आहे. पण भांडण त्यांच्यावरून होतच नाही. ते होतं होला मोहल्ल्याला, दसऱ्याला, शेजाऱ्याच्या फाटकासमोर रात्रभर उभ्या राहणाऱ्या इनोव्हावरून. म्हणून प्रत्येक खोलीमागे जागा दाखवा असं मी म्हणत नाही. जागा नसेल तर बुकिंग घेतानाच तसं सांगा, नाहीतर जवळच्या मोकळ्या प्लॉटच्या मालकाशी लेखी करार करा. एवढं बंधन पुरे.

दुसरा मुद्दा, रस्ता सार्वजनिक आहे. आहे ना! म्हणूनच तो कुणा एकाच्या धंद्याचं अंगण होऊ शकत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायला मनाई करतं. गंमत अशी की दंड भरतो लुधियानाचा पाहुणा. 'लावा हो, कुणी काही म्हणत नाही' असं सांगणारा मालक नामानिराळा.

तिसरा मुद्दा पोटाचा, म्हणून सर्वांत भावनिक: नियमाने गरीब घरमालक मरेल. राहत्या घरातली एखादी खोली देणाऱ्याला खुशाल सूट द्या. पण सहा खोल्या रोजाने देणारा गरीब कसा? राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वाहनतळाचं प्रमाण इमारतीच्या वापरावर ठरतं. रीतसर लॉज बांधणाऱ्याने त्यासाठी जागा सोडली. यांनी नकाशा घराचा मंजूर करून घेतला आणि चालवला लॉज. वाचवलेली जागा रस्त्यावरून वसूल होते.

फ्लॅटवाल्यांची तर आणखी पंचाईत. नहालचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं की इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही. ती सामायिक आहे. मग ती रोज बदलणाऱ्या पाहुण्याला परस्पर देण्याचा हक्क एकट्या सभासदाला कुठून आला? सोसायटीने सभेत ठराव करून पाहुण्यांसाठी जागा राखली, तर गोष्ट वेगळी.

लातुरात गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेला सोळा रस्ते फुटतात. आखणाऱ्याने मोकळीक ठेवण्यात कंजुषी केली नव्हती. आपण ती गाड्यांनी भरून टाकली.

दोन्ही महापालिकांनी रोजाने खोल्या देणाऱ्यांची नोंदणी करावी आणि अर्जात एक रकाना ठेवावा: पाहुण्याची गाडी कुठे उभी राहणार? तिथे 'घरासमोर' असं उत्तर आलं, तर अर्ज परत. आणि पाहुण्याची गाडी उचलली गेली की नोटीस मालकाच्याही नावाने निघावी.