दादाची बाटली, भिवंडीचा मे

दादा तीन वर्षांनी कॅलिफोर्नियाहून आला. बॅगेत यंदा चॉकलेटं कमी आणि मोज्यांमध्ये गुंडाळलेली एक बाटली. सोनोमा कोस्टची पिनो न्वार! "अगं, समुद्राच्या वरच डोंगर आहेत, त्यांच्या उतारावरची द्राक्षं. बघच तू!"

सुट्टीच्या शेवटच्या रात्री ती उघडली. स्थळ भिवंडी, महिना मे, त्यात लाइट गेलेली. रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची हा फंडा आम्हाला पाठ, त्यामुळे बाटली दिवसभर कपाटात. पहिला घोट घेतला आणि मी बोलून गेले, "दादा, हे तर कोमट कफ सिरप आहे रे!" तो हसला. पण ग्लास बाजूला ठेवला. पहाटे त्याची फ्लाइट होती.

आता थोडा भूगोल, बोअर होऊ नका. समुद्र तर आपल्यालाही जवळ आहे, खाडी भिवंडीला खेटूनच आहे. पण आपला अरबी समुद्र उबदार. तो देतो दमट हवा, आणि दमट हवेत द्राक्षावर केवडा नि भुरी पडणारच. तिकडचा पॅसिफिक बर्फासारखा गार. त्याचं धुकं डोंगरांत शिरतं, द्राक्षं सावकाश पिकतात, साखर हळूहळू चढते आणि आंबटपणा टिकून राहतो. पिनोची सालही पातळ, म्हणून रंग फिका, अंग हलकं.

आपल्याला असा गारवा हवा तर कसारा घाट चढायचा. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर. १९९९ मध्ये राजीव सामंतांनी 'सुला' सुरू केली ती तिथेच. तिथे पावसाळ्यानंतर छाटणी होते आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, म्हणजे थंडीच्या रात्री पदरात पडतात. पण दिवसा ऊन सणसणीत, त्यामुळे तिथली शिराझ जाडजूड, मिरीची आठवण देणारी. मला ती मटणाबरोबर भारी आवडते. पिनोची जात वेगळी.

आणि ते रूम टेम्परेचर! ती रूम युरोपातली, जुन्या दगडी घरातली, १६-१८ डिग्रीची. आमच्या हॉलमध्ये त्या रात्री ३४ तरी असणार. इतक्या उकाड्यात नाकात आधी अल्कोहोल घुसतं, बाकी सगळं त्याच्यामागे लपतं. पिनोला १३ ते १५ डिग्री पुरे. म्हणजे आपल्याकडे आधी फ्रिजमध्ये, बिनधास्त.

हे सगळं मला कळलं कधी? दोन दिवसांनी संध्याकाळी. उरलेली अर्धी बाटली आईने बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली होती. ऑफिसातून आले, ग्लासात ओतली, जरा थांबले आणि प्यायले. आंबटगोड करवंदं, मागाहून ओल्या मातीचा वास. मी दुसरा घोट घ्यायच्या आधी फोन उचलला. तो नुकताच घरी पोचला होता, आवाज झोपेतला.

"दादा, सॉरी. मस्त आहे रे ती."

"कुठे ठेवली होतीस?"

"फ्रिजच्या दारात. पन्ह्याच्या बाटलीशेजारी."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं.