आधी प्रायमर, मग ग्लॅमर

हिल स्टेशनच्या रिसॉर्टबाहेर किंवा एखाद्या हॅपनिंग कॅफेच्या दारात तुम्ही तो बोर्ड पाहिला असेल. मागची जमीन खरबरीत आणि खोल गेलेली, अक्षरं मात्र वर उठून आलेली, गुळगुळीत, कडेला सोनेरी रेघ. आपण त्याच्यासमोर ग्रुप फोटो काढतो, ‘कसलं भारी लाकडी काम आहे’ म्हणतो आणि आत जाऊन कोल्ड कॉफी मागवतो. मंडळी, तुमचा भ्रमनिरास करायचा नाहीये, पण असा बोर्ड लाकडाचाच असतो असं नाही. तो चक्क फोमचाही असू शकतो!

फोम म्हणजे गणपतीच्या मखराचा थर्माकोल नव्हे हं. हा पॉलियुरेथेनचा कडक, दाट बोर्ड. आपल्याकडे तो मुख्यतः गाड्यांची मॉडेल्स आणि साचे बनवणाऱ्यांकडे दिसतो. अमेरिकेत मात्र साइनबोर्डवाल्यांनी त्याला केव्हाच आपलंसं केलं. तिथे पूर्वी रेडवुड आणि सीडरच्या फळ्यांवर वाळूचा मारा करायचे. लाकडातला मऊ भाग उडायचा, कडक रेषा राहायच्या आणि अक्षरांवर रबरी स्टेन्सिल चिकटवलेलं असल्यामुळे ती तशीच उठून दिसायची. पण लाकूड फुगतं, तडकतं, कुजतं. फोमचं तसं नाही. त्याच्या पेशी बंद असतात, त्यामुळे आत पाणी शिरत नाही. वजनही कमी. नेहमीचा १५ पौंडी बोर्ड म्हणजे घनमीटरला साधारण २४० किलो. चार बाय तीन फुटांचा, दोन इंच जाडीचा तुकडा साडेतेरा किलोच्या आसपास भरतो. तेवढंच सागवान उचलायला दोन माणसं लागतील.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम ऊन! पाण्याला दाद न देणारा हा पठ्ठ्या उन्हात मात्र पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि वरून भुगा सुटायला लागतो. म्हणजे याच्यावरचा रंग ही नुसती शोभा नाही, ते चिलखत आहे. आणि हे चिलखत अंगावर टिकतं ते प्रायमरच्या जोरावर.

हे ज्ञान मला मिळालं एका मैत्रिणीमुळे. बाईसाहेबांनी हिंजवडीतली एचआरची नोकरी सोडली, कर्ज काढलं आणि लोणावळ्याजवळच्या आईच्या बंगल्यात तीन खोल्यांचा होमस्टे काढला. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची. पहिला प्लायवूडचा बोर्ड एकाच पावसाळ्यात पापडासारखा फुगला होता. म्हणून या खेपेला फोम. काम घेतलं पिंपरीच्या एका पेंटर काकांनी. साठीच्या पुढचे. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या हाताने रंगवल्या. मग फ्लेक्स आला, आठवडाभराचं काम तासाभरात छापून मिळायला लागलं आणि यांच्या ब्रशला सुट्टी. मशीनवाल्यांच्या या नव्या खुळात ते शिरले, कारण शेवटचा रंग अजून हातानेच लागतो.

काकांनी आधी उरलेल्या तुकड्यांवर प्रयोग केले. जन्मभराच्या सवयीने एकावर ऑइल प्रायमर मारला. चार दिवस झाले तरी बोट चिकटत होतं! दुसऱ्यावर पाण्यातला अॅक्रिलिक प्रायमर मारला, तो खडखडीत वाळला. परदेशी फोम कंपन्याही बऱ्याचदा हेच सांगतात. अॅक्रिलिकवर पुढचा रंग नीट बसतो. ऑइलवाला प्रायमर फोमवर मऊच राहण्याची भीती असते आणि मग वरचा महागडा इनॅमलही वाळायचं नाव घेत नाही.

इथे प्रायमरच्या दोन पाळ्या असतात. पहिली सँडब्लास्टच्या आधी. कोऱ्या फोमला हात लावलात तर पावडर लागते. त्यावर स्टेन्सिलचा गोंद काय धरणार? म्हणून प्रायमरचे दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणं. याच पृष्ठभागावर पुढे अक्षरं राहणार असतात, त्यामुळे बारीक भोकं इथेच बुजायला हवीत. अक्षरांवर सोन्याचा वर्ख लावायचा असेल तर विचारूच नका, वर्खाखालचा एक कणसुद्धा लपत नाही.

दुसरी पाळी ब्लास्टिंगनंतर. कॉम्प्रेसरने सगळी धूळ उडवायची आणि स्टेन्सिल तसंच ठेवून खोल गेलेल्या जमिनीवर प्रायमर मारायचा. इथे हिशेब उलटा. हात पातळ हवा, नाहीतर मुद्दाम काढलेला खरबरीतपणाच भरून जातो. पण एकही पेशी कोरी राहता कामा नये. कडा, पाठ आणि स्क्रूची भोकं या तीन जागा सगळ्यात जास्त विसरल्या जातात.

देवनागरीत आणखी एक गंमत. ‘ए’ ‘बी’ ‘सी’ला नसलेली कटकट आपल्याला आहे, ती म्हणजे अनुस्वार! एवढासा टिंब, त्याच्याखाली गोंद तो किती? वाळूच्या झोतात तो पहिला उडतो. काकांनी अनुस्वार आणि रफार जरा जाड काढले, रुकार अक्षराला जोडून घेतले. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून राज्यातल्या सगळ्या दुकानांवर ठळक मराठी पाटी सक्तीची आहे. तेव्हा स्टेन्सिल कापणाऱ्या सगळ्यांनीच हे शिकून घ्यायला हरकत नाही.

आता खरा ड्रामा. ओपनिंग जूनच्या पहिल्या शनिवारी. पाहुणे, फूड ब्लॉगर, बँकेचे साहेब, सगळ्यांना आमंत्रणं गेलेली. गुरुवारी आम्ही दोघी बोर्ड आणायला गेलो, तर काका म्हणाले, “मिळणार नाही.” जमिनीच्या प्रायमरचा दुसरा हात वाळला नव्हता. हवा दमट, पाणी उडायला वेळ लागत होता. मैत्रीण रडकुंडीला आली. “काका, एक हात झालाय ना? वरून रंग मारून टाका. आत काय आहे कोणाला दिसणारे?”

काकांनी तिचा तळवा धरून बोर्डावर टेकवला. “गार लागतंय ना ताई? म्हणजे पाणी आहे आत. यावर आत्ता रंग मारला तर तुमचा शनिवार छान जाईल. ऑगस्टमध्ये फोड येतील आणि लोक म्हणतील, पेंटरने फसवलं.”

ती चिडली, अॅडव्हान्सचा विषय निघाला. काका शांत. “पैसे परत देतो, बोर्ड देत नाही.” मग त्यांनी कोपऱ्यातलं मांजरपाट काढलं, फ्रेमवर ताणलं आणि अर्ध्या तासात तिच्या होमस्टेचं नाव हाताने रंगवून दिलं. फुकट. ओपनिंगला तेच टांगलं आणि त्या दिवशीचे सगळ्यात जास्त फोटो त्या कापडाचे निघाले! खरा बोर्ड दहा दिवसांनी लागला. तिला डार्क चॉकलेटी जमीन हवी होती, काकांनी फिकट मातकटावर आणलं. फोममधून उष्णता पुढे सरकत नाही, गडद रंग उन्हात फार तापतो आणि बोर्ड वाकण्याचा धोका वाढतो, हे त्यांचं कारण. दोन पावसाळे झालेत, अजून एकही फोड नाही. कापडी बोर्ड आता रिसेप्शनमागे फ्रेम करून लावलाय.

तुम्हीही स्टार्टअप, क्लिनिक किंवा स्टुडिओसाठी असा बोर्ड करून घेणार असाल, तर ऑर्डर देण्याआधी हे विचारा:

• प्रायमर पाण्यातला अॅक्रिलिक आहे का? ब्लास्टच्या आधी किती हात, नंतर किती?

• कडा, पाठ आणि स्क्रूची भोकं रंगवणार ना?

• वाळायला किती दिवस धरलेत? पावसाळ्यात त्यात भर घाला.

• ब्लास्टिंग कशाने? साध्या वाळूची धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. गार्नेट वापरणारा आणि मास्क देणारा माणूस शोधा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आणि हो, क्वोटेशनमध्ये प्रायमरची वेगळी ओळ नसेल तर आधी ती लिहून घ्या. सोनेरी रेघेवर चर्चा करायला नंतर भरपूर वेळ आहे!