सक्षम कोण, हे मालकाने ठरवावयाचे?

कणकवलीत प्रवासी रिक्षा चालवावयाची तर परवाना लागतो, बिल्ला लागतो. ते योग्यच आहे. परंतु याच शहरावरून मुंबई-गोवा महामार्गाचा उड्डाणपूल गेला आहे. तशा कामांवर कित्येक टनांचे ओझे माणसांच्या डोक्यावर उचलणाऱ्या क्रेनचालकाची परीक्षा कोण घेतो? वाहन-परवाना क्रेन रस्त्यावरून नेण्यापुरता. ओझे उचलण्याची विद्या निराळी.

कायदाच नव्हता असे नव्हे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनुसार क्रेनचालक अठरा वर्षांवरील, सर्वस्वी सक्षम, विश्वासू व धोक्याची जाण असलेला हवा. परंतु तो सक्षम आहे हे पाहण्याची जबाबदारी मालकावर! घाईत असलेला कंत्राटदार कोणाला अक्षम ठरवील? सिंगापूरमध्ये शासनाकडे नोंदणी असल्यावाचून क्रेन चालविता येत नाही.

३१ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे, तुळया बसविण्याचे अवजड यंत्र कोसळून वीस जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला पूल यंत्रासह ढासळला. सुदैवाने जीवितहानी टळली. सुदैव हे काही सुरक्षेचे धोरण नव्हे.

आपल्यातील काही मित्र प्रमाणपत्राच्या सक्तीला बिचकतात. शाळा न पाहिलेला, परंतु हाताने तरबेज असलेला खलाशी बाहेर फेकला जाईल आणि अपघात झालाच तर प्रमाणपत्रधारी चालकाच्या माथी दोष मारून कंत्राटदार मोकळा होईल, असे त्यांना वाटते. ही भीती निराधार नाही. म्हणूनच परीक्षा कागदावर नव्हे, यंत्रावर व्हावी. कामगाराला समजेल त्या भाषेत व्हावी. प्रशिक्षणाचा खर्च व त्या दिवसांची मजुरी बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून मिळावी. आणि मुख्य म्हणजे, पावसाने भुसभुशीत झालेल्या जमिनीवर किंवा सोसाट्याच्या वाऱ्यात ओझे उचलण्यास नकार देण्याचा हक्क त्या प्रमाणपत्राबरोबर यावा. नोकरीच्या भीतीने गप्प बसणारा चालक कितीही शिकलेला असला तरी सुरक्षित नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या. कायद्याचे नाव बदलले, प्रश्न बदललेला नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील प्रत्येक कामावर जाऊन दोनच गोष्टी विचाराव्यात : या चालकाची परीक्षा कोणी घेतली? आणि त्याला ‘नाही’ म्हणता येते काय?